खासगी पार्किंग ठेकेदाराचा ‘दंड’ : अधिकार कोणाचा, दाद कोठे?

बालाघाटहून मुंबईला किंवा कोल्हापूरला जाणारे अनेक प्रवासी आधी गोंदिया गाठतात. विदर्भ एक्स्प्रेस आणि महाराष्ट्र एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या तेथूनच सुटतात. दुचाकी स्थानकाबाहेरच्या वाहनतळावर लावायची, पावती खिशात टाकायची आणि तीन-चार दिवसांनी परतल्यावर पैसे चुकवून घरचा रस्ता धरायचा, हा सीमेवरच्या गावांचा परिपाठ आहे. प्रश्न उभा राहतो तो पावती हरवल्यावर, मुदत उलटल्यावर किंवा गाडी रेषेबाहेर लागल्यावर. ठेकेदाराचा माणूस फलकावर नसलेली रक्कम सांगतो, तिला ‘दंड’ म्हणतो आणि ती मिळेपर्यंत गाडी सोडत नाही. रात्रीची वेळ असते, सोबत लहान मुले असतात, त्यामुळे बहुतेकजण वाद न घालता पैसे देतात.

ही वसुली कायद्यात बसते का, हा प्रश्न केवळ बालाघाटचा नाही. गोव्यासारख्या छोट्या राज्यातही घरापासून तासाभरात राज्याची सीमा ओलांडली जाते. वाहन एका राज्यातले, वाहनतळ दुसऱ्या राज्यातला आणि ठेकेदार तिसऱ्याच ठिकाणचा असेल, तर दाद कोठे मागायची हे अनेकांना ठाऊक नसते. बालाघाटचे उदाहरण म्हणूनच उपयोगी आहे. १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि शिवनी जिल्ह्यांचे भाग एकत्र करून हा जिल्हा निर्माण झाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भातील आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून येथील मराठी कुटुंबांचे नातेगोते आणि बाजार सीमेपलीकडे आणि सरकारी कचेऱ्या अलीकडे, अशी विभागणी आहे.

शुल्क, भरपाई आणि दंड

वाहनतळावर मागितली जाणारी प्रत्येक रक्कम एकाच प्रकारची नसते. तीन प्रकार वेगळे केले की अर्धा गुंता सुटतो.

पहिला प्रकार शुल्काचा. वाहन ठेवून घेण्याचा हा मोबदला आहे. तासांवर किंवा दिवसांवर ठरलेले दर फलकावर लावलेले असतील आणि वाहन तितका काळ तेथे असेल, तर ते शुल्क देणे बंधनकारक आहे. चार दिवस गाडी ठेवून एका दिवसाचे पैसे देऊ करणाऱ्याची बाजू कोणताही कायदा घेणार नाही.

दुसरा प्रकार करारभंगाबद्दलच्या रकमेचा. पावतीच्या मागे ‘पावती हरवल्यास अमुक रुपये’ असे छापलेले असते. ही रक्कम करारातून येते, त्यामुळे तिला भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. या कायद्याच्या कलम ७४ नुसार करारभंगासाठी आधीच एखादी रक्कम लिहून ठेवली असली, तरी समोरच्याला ती सरसकट मिळत नाही. त्या मर्यादेत राहून वाजवी भरपाई तेवढी मिळते. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास (१९६३) आणि कैलासनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण (२०१५) या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व स्पष्ट केले आहे. कागदावर छापलेला आकडा ही भरपाईची कमाल मर्यादा ठरते. तो आपोआप देय होत नाही.

तिसरा प्रकार खऱ्या अर्थाने दंडाचा. दंड ही शिक्षा आहे आणि शिक्षा करण्याचा अधिकार राज्यसंस्थेचा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २०० खाली गुन्हा तडजोडीने मिटवून रक्कम घेण्याचा अधिकार राज्य सरकारने अधिसूचनेद्वारे नेमलेल्या अधिकाऱ्यांनाच आहे. रेल्वेच्या आवारात वाहनचालकाने रेल्वे कर्मचारी किंवा पोलिसाचे वाजवी निर्देश न पाळल्यास रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १५९ खाली कारवाई होऊ शकते. या दोन्ही ठिकाणी ठेकेदाराचा उल्लेख नाही. त्याला ठेका मिळालेला असतो तो शुल्क गोळा करण्याचा. त्याने स्वतःच्या पावतीपुस्तकावर ‘दंड’ असा शिक्का मारला, तरी त्या शब्दाला कायद्याचे बळ येत नाही.

गाडी अडवून ठेवता येते का?

व्यवहारात खरा दबाव येतो तो येथे. रकमेवर वाद घालता येतो. पण चाकाला साखळी बांधली की वाहनमालकाचा नाइलाज होतो.

सार्वजनिक जागी वाहन हलविण्याचा किंवा जॅमर लावण्याचा विषय मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ मध्ये येतो. दहा तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले किंवा कायद्याने मनाई असलेल्या जागी उभे केलेले वाहन ओढून नेण्यास अथवा चाक जखडण्यास गणवेशातील, त्या हद्दीच्या पोलीस अधिकाऱ्याने मंजुरी द्यावी लागते. टोइंगची गाडी खासगी असू शकते, तिच्यावरील मजूर खासगी असू शकतात. निर्णय मात्र पोलिसाचा असावा लागतो. अशा रीतसर कारवाईत वाहन ओढून नेण्याचा खर्च मालकालाच सोसावा लागतो, हेही त्याच कलमात आहे.

ठेकेदाराच्या ताब्यात सोपविलेल्या वाहनाची गोष्ट थोडी निराळी. चावी किंवा वाहन देऊन पावती घेतली, की करार कायद्याच्या कलम १४८ मधील निक्षेपाचा संबंध निर्माण होऊ शकतो. ठेव सांभाळणाऱ्याने कलम १५१ नुसार सामान्य विवेकी माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची असते. मोबदला मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याचा धारणाधिकार कलम १७० मध्ये आहे; पण तो वस्तूवर श्रम किंवा कौशल्य खर्च करणाऱ्यासाठी आहे. घड्याळ दुरुस्त करणारा कारागीर मजुरीसाठी घड्याळ अडवू शकतो. वस्तू नुसती जागेवर ठेवून घेणाऱ्याला हे कलम लागू पडत नाही. फलकावरील शुल्क देऊ केल्यानंतरही केवळ ‘दंडा’साठी वाहन रोखणे म्हणूनच ठेकेदाराला अडचणीत आणणारे ठरते. माणसालाच जाण्यापासून बेकायदा रोखले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली तो गुन्हा होतो.

ठेकेदाराची एक बाजू मात्र लक्षात घेतली पाहिजे. पावती नसलेल्या माणसाला गाडी देऊन टाकली आणि ती त्याची नसली, तर जबाबदारी ठेकेदारावर येते. म्हणून पावती हरवल्यावर नोंदणी प्रमाणपत्र पाहणे, ओळखपत्राची नोंद घेणे, लेखी निवेदन लिहून घेणे ही त्याची मनमानी नसून खबरदारी आहे. त्यात जाणारा वेळ वाहनधारकाने सोसावा. खातरजमेसाठी माफक रक्कम आधीच फलकावर जाहीर केलेली असेल, तर तीही वाजवी भरपाईत बसू शकते.

‘वाहन स्वतःच्या जबाबदारीवर ठेवावे’

हे वाक्य जवळपास प्रत्येक पावतीवर असते. सर्वोच्च न्यायालयाने १४ नोव्हेंबर २०१९ रोजी ताजमहाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात त्याचा विचार केला. १९९८ मध्ये दिल्लीतील एका हॉटेलच्या कर्मचाऱ्याकडे चावीसह सोपविलेली मोटार चोरीला गेली होती. पावतीवर जबाबदारी नाकारणारा मजकूर होता. आपल्याच निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील वाक्याने झटकता येत नाही, असे न्यायालयाने ठरविले. हे प्रकरण चोरीचे होते, दंडाचे नव्हे. परंतु पावतीवर छापले म्हणजे ते सर्व बंधनकारक होते, हा समज त्यातून दूर होतो.

मॉलमधील शुल्काबाबत न्यायालयांची मते एकसारखी नाहीत. गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये मॉल आणि मल्टिप्लेक्सना पार्किंग शुल्क आकारता येणार नाही, अशी भूमिका घेतली. केरळ उच्च न्यायालयाने शुल्क आकारणीच्या बाजूने कौल दिला. त्यामुळे मॉलच्या दारात ‘शुल्कच बेकायदा आहे’ असा सरसकट दावा करण्यापेक्षा आपल्या राज्यातील बांधकाम नियमांची आणि परवान्याच्या अटींची चौकशी करणे शहाणपणाचे.

ब्रिटनमध्ये काय घडले

मराठी कुटुंबांतील अनेकांचे आप्त ब्रिटनमध्ये आहेत आणि तेथील खासगी पार्किंग कंपन्यांच्या नोटिसांच्या कथा ते सांगतात. तेथील स्थिती भारतापेक्षा वेगळी आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये खासगी जागेवर चाकाला जॅमर लावण्यास १ ऑक्टोबर २०१२ पासून बंदी आहे. त्याच कायद्याने, म्हणजे प्रोटेक्शन ऑफ फ्रीडम्स ॲक्टने, ठराविक अटी पाळल्यास कंपनीला वाहनाच्या नोंदणीकृत धारकाकडून रक्कम मागण्याची वाट करून दिली. पुढे पार्किंगआय विरुद्ध बीव्हिस या खटल्यात चेम्सफर्डमधील दोन तास विनामूल्य असलेल्या वाहनतळावर ५६ मिनिटे अधिक थांबलेल्या वाहनचालकाला ८५ पौंडांची आकारणी झाली. ती योग्य असल्याचा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०१५ रोजी दिला. ठळक फलक लावलेले होते आणि जागा सर्वांना मिळावी यात कंपनीचे न्याय्य हित होते, हा त्यामागचा विचार.

त्यामुळे ब्रिटनमधील नातेवाइकाने ‘नोटीस फाडून टाक’ असा सल्ला भारतात दिला किंवा येथल्या माणसाने तो तेथे दिला, तर दोन्ही बाजूंनी नुकसान होऊ शकते. दोन्ही देशांत सारखी ठरणारी गोष्ट एकच : वाहन लावण्यापूर्वी अट वाहनधारकाच्या नजरेस पडेल अशी जाहीर होती का?

जागेवर काय करावे

पहिले काम फलकाचे छायाचित्र. दर, ठेक्याची मुदत, ठेकेदाराचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक यांतील जे असेल ते टिपून घ्यावे. फलकच नसेल, तर तोही पुरावाच; मोकळ्या जागेचे छायाचित्र घ्यावे.

दुसरे काम पावतीचे. जी रक्कम मागितली जाते तिची छापील पावती, कारण लिहून, मागावी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेची पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. पावती मागितल्याबरोबर अनेकदा रक्कम कमी होते. पण कमी झालेल्या रकमेचीही पावती घ्यावी.

तिसरे, फलकावरील शुल्क तत्काळ देऊ करावे आणि ते शक्यतो ऑनलाइन द्यावे, म्हणजे वेळ आणि रक्कम यांची नोंद राहते. उरलेल्या रकमेवरून वाद वाढला आणि निघणे भाग असेल, तर पैसे देऊन पावतीवर ‘हरकत नोंदवून रक्कम दिली’ असे लिहावे. पैसे दिले म्हणजे हक्क सोडला असे होत नाही. पुरावा सोडला तर मात्र हाती काही उरत नाही.

चौथे, वाहन किंवा माणूस अडवला जात असेल, धमकी दिली जात असेल, तर ११२ क्रमांकावर पोलिसांना बोलवावे. रेल्वेच्या आवारात १३९ हा क्रमांक आणि रेल मदद ही सेवा उपलब्ध आहे. साखळी तोडणे, अडथळा उचकटणे किंवा हमरीतुमरीवर येणे टाळावे. तसे केल्यास तक्रारदारच आरोपी होतो.

मोबाइलवर येणाऱ्या चलनाच्या संदेशाबाबतही सावध राहावे. सरकारी ई-चलन परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक टाकून पडताळता येते. संदेशातील दुवा किंवा जोडलेले ॲप उघडून पैसे भरू नयेत.

तक्रार कोणाकडे?

ठेका ज्याने दिला, पहिली तक्रार त्याच्याकडे. नगरपालिकेचा वाहनतळ असेल तर मुख्य नगरपालिका अधिकारी. रुग्णालय किंवा चित्रपटगृह असेल तर तेथील व्यवस्थापन. रेल्वेचा असेल तर संबंधित विभागाचा वाणिज्य विभाग.

येथे सीमेवरच्या प्रवाशाची एक ठरलेली चूक होते. बालाघाट आणि गोंदिया ही दोन्ही स्थानके दक्षिण पूर्व मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात येतात. या रेल्वेचे मुख्यालय बिलासपूरला आहे. नागपूर येथील मुख्य स्थानक मात्र मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात आहे आणि त्या रेल्वेचे मुख्यालय मुंबई. इतवारी पुन्हा दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत. एकाच शहराच्या नावाचे दोन रेल्वे विभाग असल्याने ‘विभागीय रेल्वे व्यवस्थापक, नागपूर’ एवढाच पत्ता लिहिलेला अर्ज चुकीच्या टेबलावर जाऊ शकतो. गोव्यातही असाच फरक आहे : मडगाव कोकण रेल्वे महामंडळाकडे, तर वास्को दक्षिण पश्चिम रेल्वेच्या हुबळी विभागाकडे. अर्जावर स्थानकाबरोबर रेल्वेचे पूर्ण नाव लिहावे.

मध्य प्रदेशातील नगरपालिकेबाबत उत्तर न मिळाल्यास मुख्यमंत्री हेल्पलाइनचा १८१ हा क्रमांक आहे. ठेक्यात नेमके काय लिहिले आहे हे जाणून घेण्यासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ सर्वांत उपयोगी. मंजूर दरपत्रक, ठेक्याच्या अटी, पावती हरवल्यास आकारायची रक्कम आणि ठेकेदारावर यापूर्वी झालेली कारवाई, ही चार कलमे अर्जात मागावीत. उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवसांची आहे. मंजूर दर आणि आपल्याकडून घेतलेली रक्कम यांतील तफावत कागदावर आली, की पुढचे काम सोपे होते.

ग्राहक आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ या क्रमांकावर आहे. ती निवाडा देत नाही. तक्रार समोरच्या पक्षाकडे पाठवून समेट घडवून आणण्याचा प्रयत्न करते. लहान रकमेसाठी ही पहिली पायरी ठीक. तेथे न सुटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग.

२०१९ च्या कायद्याने सीमावर्ती ग्राहकाला मोठा दिलासा दिला आहे. कलम ३४ नुसार तक्रारदार जेथे राहतो किंवा उपजीविकेसाठी काम करतो, तेथील जिल्हा आयोगातही तक्रार दाखल करता येते. गोंदियात घेतलेल्या रकमेची तक्रार वारासिवनीचा रहिवासी बालाघाटच्या आयोगापुढे करू शकतो. सावंतवाडीतील प्रकरणाची दाद पेडण्याचा रहिवासी गोव्यात मागू शकतो. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल, तर दाखल करण्याचे शुल्क नाही. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ती ई-जागृती या पोर्टलवरूनही करता येते. वकील बंधनकारक नाही.

तक्रारीचा आधार निवडताना काळजी हवी. फलकावर लावलेल्या किंवा ठरलेल्या दरापेक्षा जास्त रक्कम घेणे, पावती न देणे, सेवेत त्रुटी ठेवणे हे मुद्दे जिल्हा आयोगापुढे मांडता येतात. नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड लादणारी अट हा याच कायद्यानुसार ‘अन्याय्य करार’ ठरतो. मात्र केवळ त्या आधारावरची तक्रार राज्य आयोगाच्या कक्षेत जाते. दोनशे-पाचशे रुपयांसाठी भोपाळची वाट धरण्यापेक्षा दर आणि पावती या मुद्द्यांवर जिल्ह्यातच तक्रार करणे सोयीचे. व्यापारी कारणासाठी वाहन वापरणारा ‘ग्राहक’ ठरत नाही. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः रिक्षा चालविणारा मात्र ठरतो.

सोबत पावती, छायाचित्रे, ऑनलाइन भरण्याची नोंद, पूर्वी केलेला अर्ज आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. बालाघाटच्या आयोगात कामकाज हिंदीत चालत असल्याने मराठी पावतीचे हिंदी भाषांतर द्यावे. आयोग रक्कम परत करणे, भरपाई व खर्च देणे आणि अनुचित प्रथा बंद करणे असे आदेश देऊ शकतो. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास किंवा किमान २५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अर्जाचा नमुना

‘दिनांक … रोजी … येथील वाहनतळावर माझे वाहन क्रमांक … सकाळी … वाजता ठेवले. फलकावरील दरानुसार देय शुल्क … रुपये होते व ते देण्याची तयारी मी दर्शविली. आपल्या ठेकेदाराने … कारण सांगून … रुपये अधिक घेतले. या रकमेला कोणत्या मंजूर दराचा अथवा अटीचा आधार आहे, ते लेखी कळवावे. आधार नसल्यास अधिकची रक्कम १५ दिवसांत परत करावी व ठेक्याच्या अटींनुसार ठेकेदारावर कारवाई करून मला कळवावे. पावती व छायाचित्रे सोबत जोडली आहेत.’

असा अर्ज नोंद पोचपावतीच्या टपालाने पाठवावा आणि त्याची प्रत जपून ठेवावी. यात आरोपांची भाषा नाही, फक्त आधार विचारला आहे. तोच प्रश्न ठेका देणाऱ्या संस्थेला अडचणीचा असतो, कारण त्याचे उत्तर तिच्याच दप्तरात असते.

रक्कम लहान असते म्हणून हा विषय किरकोळ समजला जातो. पण एका वाहनतळावर दिवसाला शेकडो वाहने येतात आणि प्रत्येकजण ‘जाऊ दे’ म्हणून निघून जातो, या भरवशावरच बेहिशेबी वसुली चालते. प्रामाणिक ठेकेदाराला लेखी प्रश्नाची भीती वाटण्याचे कारण नाही. इतरांसाठी मात्र एखादा पोचपावतीसह आलेला अर्जही पुढच्या प्रवाशाला पाहून रक्कम सांगताना विचार करायला लावतो.